लेकीचा गुडघा एका ओळीत, जिम ब्राउन अर्ध्या पानात

नमस्कार,

न्यू जर्सीहून पाठवलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक नववीत, चौदा वर्षांची, शाळेकडून फॉलला सॉकर, हिवाळ्यात बास्केटबॉल आणि स्प्रिंगला ट्रॅकमध्ये लांब उडी. तुमचं म्हणणं, बाकीचं सगळं सोडून आता बारा महिने फक्त क्लबचं सॉकर, म्हणजे कॉलेजची फुल स्कॉलरशिप पक्की. आणि मग अर्धं पान तुमच्यात आणि मोठ्या मुलात जेवताना रोज चालणाऱ्या वादावर, की कॉलेजात एकापेक्षा जास्त खेळ खेळलेल्यांत सगळ्यात भारी कोण. तुम्ही जिम ब्राउनवाले (अमेरिकन फुटबॉल आणि लॅक्रोस), मुलगा बो जॅक्सनवाला (फुटबॉल, बेसबॉल आणि ट्रॅक), अधूनमधून जॅकी रॉबिन्सन आणि डिऑन सँडर्स, हे दोघेही असेच अनेक खेळांतले.

आता मला काय टोचलं ते स्पष्ट सांगते. पत्रात एक ओळ आहे, "सध्या गुडघा दुखतो म्हणते, पण खेळात ते चालायचंच." नाही हो, चौदाव्या वर्षी गुडघा दुखणं चालायचं नसतं. सॉकर आणि बास्केटबॉलमध्ये गुडघ्याचं एसीएल लिगामेंट फाटायचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे, आणि अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञसुद्धा सांगतात की एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत टाळा, आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी द्या, वर्षात मिळून तीन महिने त्या खेळापासून लांब राहू द्या. तुमचा प्लॅन याच्या बरोब्बर उलटा आहे. आणि तिला स्वतःला काय हवंय, याबद्दल पत्रात एक शब्द नाही, मी शोधला.

त्या वादाबद्दलही बोलायचंय, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. चार नावं, चारही पुरुष, आणि पत्र मुलीबद्दल. यात दोष तुमचा एकट्याचा नाही, अमेरिकेत शाळा-कॉलेजात मुलींना समान संधी द्या हा टायटल नाईन कायदाच 1972 चा, आणि यूसीएलएने, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने, पहिल्यांदा एका मुलीला, ॲन मायर्सला, चार वर्षांची पूर्ण स्पोर्ट्स स्कॉलरशिप दिली ती 1974 मध्ये. ती तिथे बास्केटबॉल खेळलीच, शिवाय व्हॉलीबॉल आणि ट्रॅकसुद्धा. पण मला विचाराल तर सगळ्यात वरती जॅकी जॉयनर-कर्सी. यूसीएलएला आली बास्केटबॉलच्या स्कॉलरशिपवर. शिकता शिकता हेप्टॅथलॉन, म्हणजे ॲथलेटिक्सचे सात प्रकार मिळून एक स्पर्धा, 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला फक्त 5 गुणांनी सुवर्ण हुकलं, आणि रौप्य गळ्यात घालून ही बाई परत कॉलेजात येऊन आणखी एक सीझन बास्केटबॉल खेळली. 1988 ला सोलमध्ये 7291 गुण केले, तो विश्वविक्रम अजून कुणी मोडलेला नाही. चौदाव्या वर्षी तिला कुणी "बास्केटबॉल की ट्रॅक, एक ठरव" म्हणून बसवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा.

आणि रॉबिन्सन तर तुमच्याच यादीतला आहे. यूसीएलएत अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, ट्रॅक आणि बेसबॉल असे चार खेळ, 1940 ला लांब उडीत राष्ट्रीय कॉलेज विजेता, आणि त्याच वर्षी बेसबॉलमध्ये सरासरी किती? .097. म्हणजे दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर धड एक हिट नाही. "जो खेळ कच्चा तो सोड" असा नियम लावला असता तर पहिला बेसबॉल गेला असता, आणि 1947 ला ब्रुकलिन डॉजर्स या संघाकडून उतरून मेजर लीगमधला, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमधला, वर्णभेद मोडला तो त्याच खेळात.

आता गैरसमज, फुल स्कॉलरशिपचा. कॉलेजच्या खेळांचे तिथे तीन स्तर असतात, डिव्हिजन वन सगळ्यात वरचा. त्यातली डिव्हिजन थ्रीची कॉलेजं आणि हार्वर्ड-येलसारखी आयव्ही लीगची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या सॉकरला 2025 पर्यंत जास्तीत जास्त 14 स्कॉलरशिप असायच्या आणि त्या वीस-पंचवीस मुलींत तुकडे करून वाटल्या जायच्या, कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तकांपुरती. आता खेळाडूंना थेट पैसे द्यायची नवी पद्धत घेतलेल्या कॉलेजांत ती मर्यादा गेली, टीम जास्तीत जास्त 28 जणींची एवढाच नियम, पण सगळ्या 28 जणींना पूर्ण पैसे द्यायला कॉलेजच्या खिशात तेवढे असायला हवेत ना. क्लब, कॅम्प, हॉटेल यावर चार वर्षांत जे घालवणार आहात ते बाजूला टाकलंत तर फी भरायला जास्त कामाचं. आणि घाई कसली आहे? डिव्हिजन वनचे कोच तिच्याशी थेट बोलूच शकत नाहीत, दहावी संपल्यावर 15 जूनपर्यंत.

अभ्यासाचं म्हणाल तर डिव्हिजन वनसाठी 16 कोअर कोर्सेस (ठरवून दिलेले मुख्य विषय) आणि त्यांत किमान 2.3 जीपीए (गुणांची सरासरी), शाळेच्या काउन्सिलरकडून यादी घ्या, विषय संपला.

तर आत्ता सॉकरचा क्लब नको. आधी गुडघा, तोही क्लबच्या फिजिओकडे नाही, लहान मुलांच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे, याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तिन्ही खेळ बंद, आणि त्यानंतर ती म्हणेल ते, तिन्ही म्हणाली तर तिन्ही, आणि एकही नको म्हणाली तरी घरात आवाज चढवू नका. जेवताना वाद घालाच, छान असतात असे वाद, फक्त तिलाही तिचं नाव सांगू द्या आणि मध्ये बोलू नका. उन्हाळ्याच्या कॅम्पचं डिपॉझिट भरलंय असं लिहिलंत ना, परत मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर सोडून द्या.