स्पेनच्या कातालोनियातल्या विलाफ्रांका गावी सांत फेलिक्सच्या उत्सवाला पहिल्यांदा जाताय?

उत्सव २९ ऑगस्ट ते २ सप्टेंबर चालतो, पण एकच दिवस हाताशी असेल तर ३० तारीख धरा. त्या दिवशी चौकात मानवी मनोरे लागतात. आपल्या गोविंदांसारखेच, फक्त हंडी नसते. सगळ्यात वरच्या पोरानं हात उंचावला, की लोक सुटकेचा श्वास टाकतात. तुम्ही थांबा, खरी कसोटी थर उतरवताना असते. सनईसारखी ग्राल्या वाजू लागली की गप्पा बंद. तळाच्या गर्दीत जागा मिळालीच तर चष्मा, घड्याळ आधी काढा. रात्री सैतानाच्या वेशातले लोक फटाक्यांच्या ठिणग्या उडवत नाचतात, त्यांत शिरायचं असेल तर जुने, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि टोपी. नायलॉन अजिबात नको. वाइन इथल्याच पेनेदेस भागातली घ्या, भर उन्हात मात्र बेतानं.