जुन्या लाकडाचं खुराडं: सुरुवातीला एवढंच सांभाळा

भाऊ, कोंबड्यांचं खुराडं बांधायला जुन्या वाड्याच्या तुळया, चौकटी मिळाल्यात म्हणता, म्हणजे माल चांगला आहे. खुशाल सुरू करा. आठ-दहा गावरान कोंबड्यांना चार बाय सहा फूट पुरतं, दिवसा मोकळ्या फिरणार असतील तर.

आधी प्रत्येक लाकडावर हातोडी मारून बघा. पोकळ वाजलं की आत वाळवी. ते चुलीकडंही नेऊ नका, लांब टाका. जुना रंग सुटत असेल तर तो भाग आत वापरू नका, कोंबड्या टोचतात. खिळे सगळे उपटा.

नवखे हमखास इथं चुकतात:

- खांब थेट काळ्या मातीत पुरतात. दोन पावसाळ्यांत बुड कुजतं. दगडावर उभे करा, आणि खुराड्याचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवा.
- स्वस्त षटकोनी जाळी लावतात. मुंगूस ती फाडतं. माझ्या सहा तलंगा (अंड्यावर यायच्या कोवळ्या कोंबड्या) एका रात्रीत गेल्या, अजून हळहळ वाटते. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळीच घ्या.
- उन्हाळा विसरतात! आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसवर जातो, नुसत्या पत्र्याखाली कोंबडी धापा टाकून मरते. पत्र्यावर तुराट्या नाहीतर पाचट अंथरा, लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा.

भेगांत चुना भरा, गोचीड तिथंच लपते. अंड्यांचे खण नंतर बघू.