कागद हातात, कॅमेरा समोर

प्रश्न : हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं काम केलं, आता एका दैनंदिन मालिकेत वहिनीची भूमिका करते आहे. नाटकात दोन अंक तोंडपाठ असायचे. इथे पानभर संवादही क्लोजला (चेहऱ्याच्या जवळच्या शॉटला) आठवत नाहीत. सीन हातात पडतो तेव्हा लायटिंग सुरू झालेलं असतं. काय करावं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमची स्मरणशक्ती शाबूत आहे, तालीम गेली आहे. नाटकाचे संवाद महिनाभराच्या तालमींत अंगात मुरतात. कुठे उठायचं, कुठे वळायचं यावर शब्द टांगलेले असतात. मालिकेत तो महिना पाऊण तासात कोंबायचा आणि सीन ओके झाला की सगळं विसरायचं. हे विसरणं गरजेचंच. अर्ध्या तासाच्या स्लॉटसाठी जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा भाग रोज लागतो. कालचे संवाद डोक्यात राहिले तर आजच्यांत मिसळतात.

सीन मिळाला की लगेच घोकायला बसू नका. एकदा मनात पूर्ण वाचा आणि समोरच्याच्या प्रत्येक संवादातले शेवटचे तीन-चार शब्द अधोरेखित करा. तो तुमचा क्यू, म्हणजे बोलायला सुरुवात करायची खूण. बहुतेक जण फक्त स्वतःच्या ओळी रंगवतात, म्हणून ओळी येतात पण कधी बोलायचं ते चुकतं. मग ओळी सपाट आवाजात म्हणा. भावासकट घोकलं की एक चाल बसते, सहकलाकाराने वेगळा सूर लावला की ती मोडते आणि तिच्याबरोबर शब्दही जातात. दोनदा वाचून झालं की कागद उलटा ठेवून आठवा, अडेल तेवढंच बघा. दहाव्यांदा वाचल्यावर ‘येतंय’ असं वाटतं खरं, पण तो नुसता भास.

दहा-बारा ओळींचं सलग बोलणं असेल तर तीन तुकडे करा. आधी शेवटचा पाठ करा, मग मधला आणि शेवटचा, मग सगळं. म्हणजे बोलताना पुढचा रस्ता ओळखीचा होत जातो. पहिल्या ओळीपासून घोकलं की सुरुवात पन्नासदा म्हटली जाते आणि शेवट दोनदा. आणि तो ढॅण ढॅण झूम नेमका शेवटच्या ओळीवरच असतो!

हमखास घसरतात ती नाती, नावं आणि ‘पण’, ‘तरी’, ‘म्हणजे’ असे सांधे. ‘सासूबाईंच्या मावसबहिणीची सून’ असलं काही आलं तर समासात छोटी वंशावळ काढून ठेवा. शिवाय एक-दोन कृती शब्दांना बांधून टाका. मास्टरमध्ये, म्हणजे सगळा सीन लांबून टिपणाऱ्या शॉटमध्ये, ज्या शब्दावर कप उचलला, त्याच शब्दावर क्लोजलाही उचलायचा. कंटिन्युइटीसाठी, म्हणजे दोन शॉट एकमेकांशी जुळावेत म्हणून, ते लागतंच, शब्दांनाही खुंटी मिळते.

तरीही अडलात तर वर छताकडे बघू नका आणि ‘सॉरी’ म्हणू नका. नजर हलू न देता सहायक दिग्दर्शकाकडे ‘लाइन’, म्हणजे पुढची ओळ, मागा. मिळाली की अडलेल्या शब्दापासून न बोलता त्या वाक्याच्या आरंभापासून बोला. संकलकाला मध्ये समोरच्याची रिॲक्शन टाकून वाक्याला वाक्य जोडता येतं. अर्ध्या शब्दावर जोड दिसतो.

प्रश्न : सेटवर प्रॉम्प्टिंग (कुणीतरी ओळ वाचून सुचवणं) घेणं कमीपणाचं आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. विंगेतला प्रॉम्प्टर मराठी रंगभूमीला काही नवा नाही. बातम्या वाचणाऱ्याला समोर ओळी दाखवणारा टेलिप्रॉम्प्टरसुद्धा आधी आला तो डेली सोपच्या सेटवरच. डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकेत सीबीएस वाहिनीच्या ‘द फर्स्ट हंड्रेड इयर्स’ या मालिकेच्या सेटवर तो पहिल्यांदा वापरला गेला, तेव्हा तो कागदाची सरकती गुंडाळी होता. मेक्सिकोत तर कलाकाराच्या कानात चिमुकला इअरपीस असतो. त्याला तिथे ‘चिचारो’, म्हणजे वाटाणा, म्हणतात. सेटबाहेर बसलेला माणूस ओळी वाचतो आणि कलाकार बोलत जातो.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. ओळ सांगणाऱ्या सहायक दिग्दर्शकाचा आवाज पूर्ण थांबल्यावर श्वासभर थांबून बोला. दोन्ही आवाज एकमेकांवर चढले तर कपड्याला लावलेल्या लेपल माइकवरून ते वेगळे करता येत नाहीत आणि टेक वाया जातो. दुसरं, प्रत्येक ओळीला प्रॉम्प्ट घेऊ नका. कान तिकडे लागला की समोरच्याचं ऐकणं बंद होतं, आणि वाचणाऱ्याचा कोरडा सूर नकळत तुमच्या बोलण्यात उतरतो.

प्रश्न : लिहिलेले शब्द बदलले तर चालतात? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : संवादाच्या मध्यभागी ‘मला वाटतं’चं ‘मला वाटतंय’ झालं तर कुणी अडवत नाही. शेवटचे तीन-चार शब्द मात्र कागदावरचेच ठेवा, तो समोरच्याचा क्यू असतो. वार, तारीख, नातं, कुणाला काय ठाऊक आहे, याला विचारल्याशिवाय हात लावू नका. तो धागा लेखकाने पुढच्या आठवड्यासाठी ठेवलेला असू शकतो.