अमेरिकेत कॉलेज आइस हॉकीचं राष्ट्रीय विजेतेपद एकही सामना न गमावता कुणी जिंकलंय का?

हो, कॉर्नेल विद्यापीठाने, १९७० साली. हंगामात २९ सामने, २९ विजय, बरोबरीसुद्धा नाही. पुरुषांच्या सर्वोच्च गटात (डिव्हिजन वन) तोपर्यंत आणि त्यानंतरही असा बिनडाग विजेता झालेला नाही.

गंमत म्हणजे त्यांचा नावाजलेला गोलकीपर केन ड्रायडन आदल्याच वर्षी पदवी घेऊन बाहेर पडला होता. त्यामुळे संघ ढेपाळेल असं वाटणं साहजिक होतं. पण ब्रायन क्रॉपरने गोल सांभाळला आणि प्रशिक्षक नेड हार्कनेस यांनी गाडी रुळावरून घसरू दिली नाही.

अंतिम फेरीचे सामने न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिडला झाले. उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनने घाम फोडला, कॉर्नेल जेमतेम २-१ ने सुटलं. अंतिम सामना क्लार्कसनशी. वीस-वीस मिनिटांचे दोन टप्पे संपले तेव्हा ३-३. मग तिसऱ्यात डॅन लोडबोआ नावाच्या बचावपटूने (हो, बचावपटूने!) एकट्याने तीन गोल ठोकले. निकाल ६-४. स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच ठरला. माझ्या मते ड्रायडनच्या झगमगाटात या पठ्ठ्याचं नाव उगाच मागे पडलं.