पुणे आकाशवाणी केंद्राचा इतिहास काय आहे? त्याच्या कार्यक्रमांचं स्वरूप कसं बदलत गेलं आणि आज ते कुणी ऐकतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी, गांधीजयंतीला सुरू झालं. त्याआधी पुणेकर मुंबई केंद्र लावायचे, आणि ते १९२७ पासून चालू होतं.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल. मी आयुष्यभर या केंद्राचा श्रोता आहे आणि कॉलेजात असताना थोडे दिवस आत जाऊन बोललोही आहे. एवढ्या वर्षांत माझं एक मत झालंय. केंद्राचे कार्यक्रम दिल्लीच्या फतव्यांनी बदलले हे खरंच, पण त्याहून जास्त ते रेडिओच्या जागेनं बदलले. रेडिओ घरात कुठे ठेवलेला होता ते मला सांगा, त्यावर काय लागत असेल ते मी सांगतो.

सुरुवातीला तो बाहेरच्या खोलीत, भिंतीतल्या फळीवर असायचा. व्हॉल्व्हचा मोठा लाकडी रेडिओ, वर भरतकाम केलेलं झाकण. लावला की लगेच बोलायचा नाही. आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत नुसता दिवा दिसायचा, मग हळूहळू आवाज वर यायचा. त्याला परवाना लागे. दरवर्षी पोस्टात पैसे भरून पुस्तकात नोंद करून आणायची. अशी वस्तू एकट्यानं ऐकायची नसतेच. घरातले सगळे, शिवाय शेजारचे दोघेतिघे, ठरलेल्या वेळी जमायचे. म्हणून त्या काळातले कार्यक्रमही ठरल्या वेळेला बसून ऐकायचे: नभोनाट्य, श्रुतिका, शास्त्रीय गायन, कीर्तन.

याचं सर्वांत मोठं उदाहरण तुम्हाला ठाऊकच असेल. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. त्या दिवशी पुणे केंद्रावरून गीतरामायणाचं पहिलं गीत लागलं. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाडांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दर आठवड्याला एक नवं गीत, शुक्रवारी सकाळी, आणि तेच पुन्हा शनिवारी आणि रविवारी. वर्षाचे आठवडे बावन्न, पण गीतं छप्पन्न, कारण त्या वर्षी अधिक मास आला. पंचांगामुळे कार्यक्रमाचे भाग वाढले, असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. पहिल्या गीताचा कागद ऐन वेळी हरवला आणि गदिमांना ते घाईघाईनं पुन्हा लिहावं लागलं, हा किस्सा पुण्यात अजून सांगतात. माझी आई तेव्हा सदाशिव पेठेत राहायची, वय दहा-अकरा. ती सांगते की आजी रेडिओला हार घालायची आणि गाणं संपेपर्यंत कुणी चहाचा कप वाजवला तरी डोळे वटारायची. गीताचे शब्द वर्तमानपत्रांतही छापून यायचे, ते आईनं कापून वहीत चिकटवले होते. ती वही मी पाहिलीय. डिंकानं पानं पिवळी पडलीत, पण अक्षर न् अक्षर लागतं.

आता दुसरी जागा. हिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि मला तर ती गीतरामायणाइतकीच मोठी गोष्ट वाटते. ती म्हणजे गावची चावडी. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली, प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं श्रोतृमंडळ केलं आणि त्यांच्यासाठी आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास, असे वीस कार्यक्रम केले. शेती, जनावरांचे रोग, पिण्याचं पाणी, कर्ज असे विषय. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर बोलायचं. काय ठरलं, काय पटलं नाही, ते मंडळाच्या चिटणिसानं केंद्राला लिहून कळवायचं. त्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांत उत्तरं मिळायची. आज ज्याला आपण 'इंटरॅक्टिव्ह' म्हणतो ते हेच, फक्त मधे पोस्टमन होता.

प्रयोगाची तपासणीही नीट झाली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी मंडळवाल्या गावांची तुलना नुसता रेडिओ असलेल्या आणि रेडिओच नसलेल्या गावांशी केली. मंडळवाल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत स्पष्ट वाढ झालेली दिसली. नुसत्या ऐकण्यानं जे झालं नाही ते ऐकून वाद घातल्यानं झालं. पुढे ही कल्पना देशभर नेली गेली. व्यंकटेश माडगूळकर याच केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम पाहायचे, हेही इथं सांगायला हवं. शहरातल्या माणसानं लिहिलेली शेतकऱ्याची भाषा शेतकऱ्याला दोन वाक्यांत ओळखू येते. इथं तो घोळ नव्हता.

आमचं मूळ गाव भोर तालुक्यातलं. लहानपणी चावडीवरचा रेडिओ मी बंद अवस्थेतच पाहिला. तोवर लोकांकडे स्वतःचे ट्रान्झिस्टर आले होते, आणि त्यामुळे पुन्हा सगळं बदललं.

ट्रान्झिस्टर बांधावर गेला, पानाच्या टपरीवर गेला, सलूनमध्ये गेला. हात कामात असताना नभोनाट्य कोण ऐकणार? लोकांना गाणी हवी होती, तीही सिनेमातली. आणि नेमकी तीच आकाशवाणीवर मिळत नव्हती. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. मूळचे पुण्याचेच. सिनेसंगीत त्यांना हलकं वाटे. त्यांनी ते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केलं, आणि अख्खा देश श्रीलंकेतलं रेडिओ सिलोन लावून बसला. आमच्या वडिलांचं केसकरांबद्दलचं मत इथं लिहिण्यासारखं नाही. पण न्यायानं सांगायचं तर शास्त्रीय कलाकारांना त्या धोरणानं रोजीरोटी दिली, हेही खरं आहे. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावीच लागली. आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या त्या देशात सर्वांत आधी मुंबई, पुणे आणि नागपूर इथं. पुणे केंद्राचे इथून दोन संसार झाले. एकीकडे ७९२ किलोहर्ट्झवरचं मूळ केंद्र, म्हणजे बातम्या, शेती, भाषणं, नाटकं. दुसरीकडे गाणी आणि दंतमंजन.

मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर लावणं ही एक कला होती. आतल्या फेराइटच्या दांडीवर तारेचं वेटोळं असतं, तोच त्याचा अँटेना. त्यामुळे रेडिओ ज्या दिशेला वळवाल त्यावर आवाज ठरायचा. वडील तो कपाटावर ठेवून इंच-इंच फिरवायचे. खरखर कमी झाली की कपाटावर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवायचे. कुणी झाडताना रेडिओ हलवला की घरात महाभारत. ट्यूबलाइट लावली तरी आवाजात गुरगुर यायची, म्हणून संध्याकाळच्या बातम्या आम्ही बल्बच्या उजेडात ऐकल्यात. सकाळी ६.५५ ला दिल्लीहून सहक्षेपित होणाऱ्या संस्कृत बातम्या लागल्या की अंघोळीला पळायचं. 'इयम् आकाशवाणी' एवढंच कळायचं, पण घड्याळापेक्षा ते पक्कं होतं. त्यानंतर पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे यांचा आवाज त्या पिढीतल्या प्रत्येकाला आठवतो. (पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल मनोज नरवणे हे त्यांचे चिरंजीव.)

ऐंशीच्या दशकात मी युववाणीत, म्हणजे तरुणांसाठीच्या कार्यक्रमात, तीन-चारदा बोललो. शिवाजीनगरच्या केंद्रात आत शिरलं की आधी एक जड दार, मग छोटी मोकळी जागा, मग दुसरं जड दार. दोन्ही बंद झाली की कानांत दडे बसल्यासारखं व्हायचं. माझी एक चर्चा ठरल्या वेळेपेक्षा चाळीस सेकंद लांबली. ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांनी स्पूल हातानं मागं-पुढं फिरवला, टेपवर खूण केली, ब्लेडनं तिरका छेद दिला आणि चिकटपट्टीनं दोन टोकं जोडली. माझा सर्वांत हुशार मुद्दा कचऱ्याच्या डब्यात लोंबकळत होता. प्रसारणात ती चर्चा ऐकली तर सांधा कुठे आहे ते मलाही कळेना. कार्यक्रमाला 'सभा' म्हणायची तिथली पद्धत मला फार आवडायची. सकाळची पहिली सभा, दुपारची दुसरी, संध्याकाळची तिसरी. सभा संपताना निवेदक तसं सांगून रजा घ्यायचा आणि मग नुसती शांतता. आता कुठलंच केंद्र गप्प बसत नाही.

एफएमबद्दल थोडक्यात. विविध भारती पुण्यात १०१ मेगाहर्ट्झवर आली, तिची खरखर गेली आणि कपाटावरची रेघ निरुपयोगी झाली. २००२ च्या सुमाराला रेडिओ मिरची आली, २००६ नंतर बाकीच्या. रेडिओ रिक्षात, मोटारीत आणि मोबाइलमध्ये गेला. मोबाइलवर इअरफोनची वायरच अँटेना असते, म्हणजे इअरफोन लावल्याशिवाय तो बोलायचाच नाही. एकट्यानं ऐकायची सक्तीच म्हणा. या केंद्रांवर सगळीकडे तीच वीस हिंदी गाणी का, असं लोक विचारतात. उत्तर पैशात आहे. सरकारनं खासगी एफएमचे परवाने दिले त्याच्या पहिल्या फेरीत परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारं होतं. दुसऱ्या फेरीत ते बदलून उत्पन्नाच्या ४ टक्क्यांवर आलं, पण तोवर सवयी पडून गेल्या होत्या. स्वतःच्या बातम्या द्यायला खासगी केंद्रांना परवानगी नाही, जाहिरातदार मोठ्या आकड्यामागे, मग गाणी आणि गप्पा याशिवाय उरतं काय? मराठी बोलणारे आरजे आणि हिंदी गाणी, हे पुण्याचं मिश्रण त्यातूनच झालं. मला ते आवडत नाही, पण रिक्षात बसल्यावर मी गुणगुणतो, हे कबूल.

आणि मूळ केंद्र? त्याचा साचा या वीस वर्षांत सर्वांत कमी बदलला. मी याला दोष मानत नाही. २०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायच्या असा निर्णय झाला, तेव्हा शहरात एवढी ओरड झाली की त्याला स्थगिती द्यावी लागली. कुणी ऐकत नसतं तर ओरडलं कोण?

हडपसरला आकाशवाणी नावाचा बसथांबा आहे. तिथल्या प्रक्षेपण केंद्रावरून नाव पडलं. त्या थांब्यावर रोज उतरणाऱ्या किती जणांनी केंद्र कधी लावलं असेल ते मी सांगू शकत नाही. पण माझ्या आईकडे दोन रेडिओ आहेत. एक स्वयंपाकघरातला, आणि दुसरा मी तिच्या मोबाइलमध्ये घालून दिलेलं आकाशवाणीचं ॲप. दोन्हीवर एकच केंद्र लावलं की मोबाइलवरचं गाणं चांगलं अर्धा मिनिट मागून येतं, कारण ते इंटरनेटवरून फिरून येतं. आईला हे अजिबात पटत नाही. 'तुझा फोन शिळं वाढतो,' म्हणते, आणि घड्याळ लावायचं झालं की स्वयंपाकघरात जाते.