मुलगा फोन उचलत नाही, नुसता अंगठा पाठवतो

प्रश्न : ताई, माझा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आम्ही साताऱ्याला. मी रोज फोन करते, तो उचलत नाही आणि पाच मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर "बोल" असं येतं, मग मी एवढा मोठा मेसेज लिहिते तर त्यावर नुसता अंगठा. परवा ब्लू टिक दिसत होती तरी रात्रीपर्यंत उत्तर नाही म्हणून मी रागात "बरं. तुझी मर्जी." असं पाठवलं, तेव्हापासून तो गप्पच आहे. ह्या मोबाईलपायी मुलं बोलायचंच विसरलीत का हो?
– एक आई

उत्तर : तुमचं पत्र वाचून पोटात कालवलं. आधी त्या "बरं." बद्दल सांगते. आपल्याला शाळेत शिकवलंय की वाक्य संपलं की पूर्णविराम द्यायचा, पण चॅटवर मेसेज पाठवला की वाक्य संपलंच, त्यामुळे तिथे कोणी टिंब दिलं तर ते मुद्दाम दिलंय असं मुलांना वाटतं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात 2015 मध्ये हे तपासलं होतं, एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की कॉलेजच्या मुलांना ते कमी मनापासूनचं वाटलं, आणि तेच हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं तर काहीच फरक नाही. तुम्ही रागावला होतात हे खरंच, पण त्याला तो राग दुप्पट पोचला असणार. आणि त्याचा अंगठा म्हणजे बहुतेक "वाचलं, कळलं" एवढंच, त्यात तुम्हाला झटकून टाकलेलं नाहीये.

तरी तुमची तगमग खोटी नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा 2012 चा एक अभ्यास आहे, त्यात लहान मुलींना अनोळखी माणसांसमोर भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावली, मग काहींना आईला भेटू दिलं, काहींना फोनवर बोलू दिलं, काहींना नुसतं टाईप करून चॅट. ज्यांनी आईचा आवाज ऐकला त्यांच्या अंगातलं ताणाचं हार्मोन उतरलं, चॅटवाल्या मुलींचं मात्र आईशी काहीच संपर्क न झालेल्या मुलींइतकंच चढलेलं राहिलं. शब्द आईचेच होते, आवाज नव्हता.

मग तो आवाजच का टाळतो? फोनवर तुम्ही काय विचारता ते आठवून बघा. जेवलास का, अभ्यास झाला का, प्लेसमेंटचं काय. शेवटच्या वर्षाच्या मुलाला तिसरा प्रश्न किती जड जातो! मेसेजवर खोडता येतं, उशिरा उत्तर देता येतं, फोनवर मधली शांतता सोसावी लागते. मला तरी वाटतं तो बोलायला विसरला नाहीये, लपतोय. पण सतत लपलं की ती शांतता सोसायची सवय मोडते, आणि उद्या इंटरव्ह्यूला समोर चार जण बसले की खोडायला काही नसतं, म्हणून हे असंच चालू द्यावं असं मी म्हणणार नाही.

रोजचा अचानक फोन बंद करा. "रविवारी नऊला फोन करू का?" असं आधी विचारा, आणि फोन लागला की पहिली पाच मिनिटं त्याच्याबद्दल एकही प्रश्न नको, तुमचं सांगा, अजिंक्यताऱ्यावर ढग कसे उतरलेत, शेजारच्या काकूंचं काय चाललंय, काहीही. एरवी अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा, मेसला जाता जाता ऐकेल. भांडण मात्र टाईप करून कधीच नाही. घरी आला की जेवताना फोन बाजूला ठेवायचे ते सगळ्यांचे, तुमचा आणि त्याच्या बाबांचाही.

आणि आज रात्रीच, टाईप न करता, स्वतःच्या आवाजात एवढं रेकॉर्ड करून पाठवा, "परवा मी रागात लिहिलं रे, तसं लिहायला नको होतं." पाठवलं की फोन चार्जिंगला लावून झोपा, टिक निळी झाली का ते बघत बसू नका.