मुलगा लंगडतोय, गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल आहे. मग दुखतंय कुठे?

पाच वर्षांचा मुलगा कालपासून लंगडतोय, गुडघ्याला हात लावून दाखवतो, एक्स-रेत काही नाही, मागच्या आठवड्यात सर्दी होती आणि आजी तेलाने चोळून द्यायला सांगताहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी नागपुरातच बालरोगतज्ज्ञ आहे. चोळू अजिबात नका. आणि त्याचा खुबा तपासून घ्या.

खुब्याचं दुखणं मुलांना पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, कारण दोन्ही सांध्यांना जाणारी नस एकच असते. त्याला उताणं झोपवून, गुडघा वाकवून पाय हळूच आत-बाहेर फिरवून बघा. खुबा दुखत असेल तर तो फिरवू देणार नाही.

सर्दीनंतर 3 ते 10 वर्षांच्या मुलांच्या खुब्यात कधीकधी थोडं पाणी धरतं. आरामाने आठवडा-दोन आठवड्यांत ते उतरतं. तुमच्या मुलाला बहुधा हेच असावं, पण सांध्यात पू नाही ना, याची खात्री आधी हवी. 38.5 सेल्सिअसच्या वर (साधारण 101.3 फॅरनहाइट) ताप, पाय जमिनीला टेकवायला नकार, रक्तात ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) 40 च्या वर, पांढऱ्या पेशी 12,000 च्या वर: यातलं जितकं जास्त जुळेल तितकी पुवाची शंका पक्की. पू खुब्याची कूर्चा खातो आणि ते नुकसान भरून येत नाही. त्यामुळे ताप असेल आणि तो पाय टेकवत नसेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत न्या. दुखण्याचं सिरप देण्याआधी ताप मोजा, नाहीतर तो झाकला जातो. ताप असेल तर डेंगूची शंका फिटेपर्यंत आयबुप्रोफेन टाळा.

विदर्भात आणखी एक गोष्ट मी प्रत्येक वेळी विचारतो: घरात कुणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का? त्यात हाडं अचानक भयंकर दुखतात आणि हाडात जंतुसंसर्गही लवकर होतो. त्याची प्राथमिक रक्ततपासणी, सोल्युबिलिटी टेस्ट, सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढे पक्क्या निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिस.

"वाढीच्या वयात पाय दुखतातच" असं कुणी म्हटलं तरी तेवढ्यावर थांबू नका. ते दुखणं दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री येतं, आणि मूल सकाळी उड्या मारतं. लंगडत नाही. मूल फिकट दिसत असेल, अंगावर काळे-निळे डाग असतील किंवा दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर (त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) त्याच दिवशी करा, कारण रक्ताचा कॅन्सरही कधी असाच सुरू होतो.

ताप नसेल, चालत असेल, तरी उद्या खुब्याची सोनोग्राफी करून घ्या. दोन आठवड्यांनंतरही लंगडला तर दोन्ही खुब्यांचा एक्स-रे हवा, पर्थीस (खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होण्याचा आजार) वगळण्यासाठी.